मतदानाच्या वेळी गैरहजर

१२ जानेवारी

धाकट्या,

फोनवर तू "हं", "बरं" आणि "ठीक आहे" या तीन शब्दांत सगळं आटोपतोस आणि मग मीच बडबडत बसते. तुला ऐकू येतंय की तू फोन टेबलावर ठेवून चहा प्यायला गेलायस, तेही कळत नाही. म्हणून हे पत्र. कागद निदान मध्येच "ठेवू का?" असं विचारत नाही.

मी बरी आहे. आईबाबांच्या माघारी मागची खोली बंद करून टाकली, तेवढंच एक खोली कमी झाडायची. दवाखान्यात दिवस कसा जातो कळत नाही. अख्खं गाव मला सिस्टर म्हणून हाका मारतं. ज्याची मी खरी सिस्टर, तो परदेशात बसलाय.

आता कामाचं. डिसेंबरात तो नवा कायदा झाला ना, पुरुषाने पुरुषाबरोबर संसार केला तर दहा वर्षांची सजा, आणि माहीत असून कळवलं नाही तर न कळवणाऱ्यालाही सजा, तेव्हापासून आमच्याकडे औषधांची पेटी आलेली नाही. ज्या देशाकडून औषधं येतात ते म्हणतात, आधी कायदा मागे घ्या. आमचे मंत्री म्हणतात, आम्हाला शिकवू नका. मधल्या मध्ये माझं कपाट रिकामं होतंय. रक्तातल्या त्या आजाराच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, एक दिवस चुकवून चालत नाही. माझ्या यादीवर चारशे बारा माणसं आहेत. विधवा आहेत, लेकुरवाळ्या बायका आहेत, ट्रक चालवणारे आहेत. चार लोकांच्या भानगडीपायी या सगळ्यांनी का मरायचं, सांग मला.

तू तिथे वकिलातीत आहेस, जगभरच्या देशांच्या सभेत राजदूतसाहेबांच्या मागे बसतोस. त्यांना म्हणावं, ठणकावून बोला.

जेवतोस का नीट?

तुझी ताई


३० जानेवारी

ताई,

जेवतो. इथे डब्यातलं सूप मिळतं, ते गरम केलं की झालं. एका माणसासाठी स्वयंपाक करायचा म्हणजे भांडी जास्त आणि जेवण कमी.

माझी खोली पाचव्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते, म्हणजे लोकांच्या वाळत घातलेल्या चादरी आणि लावून ठेवलेल्या सायकली. त्या माणसांचे चेहरे मी तीन वर्षांत पाहिलेले नाहीत. ऑफिस ट्रामने वीस मिनिटांवर. तिथे आम्ही चौघंच: साहेब, मी, प्रशासनाचा एक माणूस आणि टायपिस्टबाई. छपाईचं मशीन बिघडलं की आमचं परराष्ट्र धोरण दोन दिवस बंद असतं.

तू औषधांचं लिहिलंस. आतली गोष्ट सांगतो, गावात बोलू नकोस. एप्रिलमध्ये इथे एका ठरावावर मत होणार आहे. कायद्यात ज्या लोकांबद्दल लिहिलंय, त्यांच्यावर कुठल्या देशात काय जुलूम होतो ते पाहायला एक तज्ज्ञ नेमलेला आहे. त्याचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं, एवढाच ठराव. औषधं देणारा देश म्हणतो, बाजूने मत द्या, निदान विरोधात देऊ नका. दुसरा एक मोठा देश म्हणतो, विरोधात द्या, आम्ही तुम्हाला बंदर बांधून देतो. साहेब खुशीत आहेत. म्हणाले, "आपल्याला जन्मात पहिल्यांदा दोन ठिकाणांहून मागणी आली आहे. घाई करायची नाही."

सगळे याच हिशेबाने बोलतात. ज्या माणसांबद्दल हे चाललंय, त्यांच्यापैकी कोणी याच टेबलाशी बसलेलं असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

इथे एक मित्र आहे. याच देशातला. सभागृहात वरच्या बाजूला काचेच्या खोल्या आहेत, तिथे बसून तो भाषणं दुसऱ्या भाषेत करतो, दुभाषी. रविवारी आम्ही नदीकाठी फिरतो. त्याच्यामुळे मला या शहरात चार वाक्यं मोकळेपणाने बोलता येतात. काळजी करू नकोस.

धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

काल पेपरात साहेबांचं भाषण छापून आलंय, पहिल्या पानावर. "आमच्या समाजात असे लोक नव्हते आणि नाहीत. हे आमच्यावर बाहेरून लादलं जात आहे आणि आम्ही ते मान्य करत नाही." वाचल्याबरोबर मी ओळखलं, हे तुझं आहे. शाळेतल्या निबंधातही तू असंच एक छोटं वाक्य टाकून लगेच एक लांब टाकायचास. मी कापून दवाखान्यात काचेखाली लावलंय. आमच्या डॉक्टरांना, जे आठवड्यातून दोनदा येतात, त्यांनाही दाखवलं. "माझ्या भावाने लिहिलंय." त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि "लिहिलंय चांगलं" एवढंच म्हणाले. त्यांचं कौतुक नेहमी असंच कोरडं असतं.

गोळ्या आता महिन्याच्या न देता पंधरा दिवसांच्या देते. लोक हातातली पुडी उलटीसुलटी करून बघतात, वाद कोणी घालत नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

काही माणसं यायची बंद झाली आहेत. शाळेचे गणवेश शिवतो तो उंच शिंपी तुला आठवतो का? बाबांची पँट त्याने एकदा इतकी आखूड केली होती की बाबा वर्षभर त्याच्या दुकानावरून जाताना मुद्दाम पायाकडे बघायचे. तो सात वर्षं माझ्याकडे येतोय, तारीख कधी चुकवली नाही. यंदा दोनदा आला नाही. त्याच्याबरोबर एक मामेभाऊ राहतो, बेकरीत कामाला आहे, तोही दिसला नाही.

तुझा दुभाषी चांगला वाटतो. त्याला बहीण आहे का? हसू नकोस. तू आता अडतिसाचा झालास.

ताई


१४ मार्च

ताई,

ते कात्रण काढून टाक. माझ्यासाठी एवढं कर.

भाषण मीच लिहिलं होतं. साहेबांनी मुद्दे दिले, वाक्यं माझी. मला वाक्यं बरी जमतात म्हणून तर मला इथे पाठवलं. लिहिताना मी फक्त एवढाच विचार करत होतो की कुठे अडखळायला नको, साहेबांना वाचताना धाप लागते.

त्या दिवशी मी त्यांच्या मागच्या खुर्चीत होतो. कानाला यंत्र लावलेलं, सवयीने. वर काचेच्या खोलीत माझ्या मित्राची पाळी होती. दुभाष्यांचा नियम असा असतो की बोलणारा "आम्ही" म्हणाला की त्यानेही "आम्ही" म्हणायचं. "ते म्हणतात की" अशी फोड करायची नाही. म्हणजे साहेबांचं प्रत्येक वाक्य, ज्यातलं प्रत्येक वाक्य माझं होतं, त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं. "आमच्यात असे लोक नाहीत." आवाज अजिबात हलला नाही त्याचा. फार वरच्या दर्जाचा दुभाषी आहे तो.

सभा संपल्यावर मी जिन्याखाली थांबलो. तो सहकाऱ्यांबरोबर उतरला. मला म्हणाला, "भाषांतर करायला सोपं होतं. स्वच्छ लिहिलेलं." आणि कोट चढवून निघून गेला. त्यानंतर त्याने फोन घेतलेला नाही. रविवारी मी नदीकाठी जाऊन आलो, एकटाच. बाकांवर सगळीकडे दोन-दोन माणसं असतात हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

त्याला बहीण नाही.

धाकटा


३ एप्रिल

धाकट्या,

मी शिंप्याकडे जाऊन आले. दुकानाला कुलूप होतं म्हणून मागच्या गल्लीतल्या घरी गेले. मामेभावाने दार बोटभर उघडलं, मला बघून उघडावं की लावावं हे त्याला कळेना. मी म्हटलं, "सिस्टर आहे, पोलीस नाही." तेव्हा आत घेतलं.

शिंपी खाटेवर होता. इतका उंच माणूस, खाटेत पाय पुरत नाहीत, पण अंगावर काही उरलेलं नाही. खोकला. डिसेंबरपासून गोळी घेतलेली नाही. मी रागावले. म्हटलं, "पंधरा दिवसांच्या का होईना, देत होते ना मी?" तो म्हणाला, "सिस्टर, तुमच्याकडे गोळ्या पंधरा दिवसांच्या आणि वहीत माझं नाव कायमचं." मी त्याला सांगितलं की वही माझ्या कुलपात असते. मग तो म्हणाला, "तुमच्या भावाचं भाषण वाचलं. चांगलं लिहितात. कुठे शिवण सुटलेली नाही."

टोमणा मारल्यासारखं नाही रे, कारागिराने कारागिराबद्दल बोलावं तसं म्हणाला. मला बसवेना. उठून भांड्यातलं पाणी बदललं, उशी सरळ केली. त्या घरात एकच खाट आहे, धाकट्या. सात वर्षं मी त्याला "मामेभाऊ बरा आहे ना?" असं विचारत आले.

कात्रण काढलं. काचेवर त्याचा चौकोन उमटून राहिलाय, पुसून जात नाही.

दुसऱ्याच दिवशी एक अधिकारी आला. कायद्याप्रमाणे पुरुष रुग्णांची वही हवी म्हणाला. मी लहान मुलांच्या लसीकरणाची जाडजूड वही त्याच्या हातात दिली. दोन हजार नावं. घेऊन गेला. त्याच्या लक्षात यायला आठवडा लागेल. खरी वही मी घरी आणली आहे.

घरी येताना तुझं मागचं पत्र आठवत होते. तू त्या दुभाष्याबद्दल लिहितोस तसं आपल्या घरात कोणी कोणाबद्दल लिहिलेलं नाही. बाबांनी आईबद्दलसुद्धा नाही. मी काही विचारत नाही. पण आता तू फोन टेबलावर ठेवून चहा प्यायला जाऊ नकोस.

ताई


२७ एप्रिल

ताई,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. टायपिस्टबाई सुट्टीवर येतेय, तिच्याबरोबर देतोय. आत माझ्या चष्म्याचा नंबर आहे असं तिला सांगितलंय.

तू विचारलं नाहीस, मी सांगतो. तीन वर्षं. रविवारीच नाही, रोज. माझी खोली पाचव्या मजल्यावर आहे हे खरं, पण मी राहायचो त्याच्याकडे. माझ्या खोलीत फक्त सूपचे डबे आणि टपाल. त्याच्या घरी मी दोन माणसांचा स्वयंपाक करायचो. तुझी बटाट्याची भाजी मी त्याला शिकवली, तो तिखट घालताना घाबरतो. हे वाचून तुला काय वाटेल ते मला माहीत नाही, आणि ते विचारायला तू समोर नाहीस याचं मला आज बरं वाटतंय, हेही खरंच सांगतो.

मी सोळा वर्षांचा असल्यापासून हे मला माहीत आहे. परदेशाची नोकरी धरली ती त्यासाठीच. आणि इथे येऊन देशाच्या खर्चाने मी काय लिहिलं, तर आमच्यात असे लोक नव्हते आणि नाहीत. कोणी माझ्या डोक्यावर बंदूक धरली नव्हती. मी ते वाक्य दोनदा सुधारलं.

आता मतदानाचं. तांबडं, म्हणजे विरोधाचं, बटण दाबायचं असं ठरलेलं होतं. तीन दिवस आधी राजधानीतून फोन आला. तांबडं नाही, हिरवं नाही, मधलं तटस्थ पिवळंही नाही. मतदानाच्या वेळी सभागृहात कोणी असायचंच नाही. विरोध केला नाही म्हणून औषधं पुन्हा सुरू, आणि बाजूने दिलं नाही म्हणून बंदरही शाबूत. कायद्याला हात लावायचा नाही, त्याबद्दल कोणी शब्दही काढायचा नाही. साहेब सर्दीचं निमित्त करून घरी राहिले. मला म्हणाले, "तू जाऊन ये आणि वेळेवर बाहेर पड."

सकाळी साडेदहाला घंटा झाली. मी उठून बाहेर आलो. बाहेर कॉफी मिळते तिथे आम्ही चौदा-पंधराजण होतो, सगळे आमच्यासारख्याच देशांचे, सगळे गैरहजर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. साखर घातलेली नसतानाही सगळे चमचा फिरवत होते. आत भिंतीवरच्या पाटीवर देशांच्या नावापुढे रंग पेटत होते, ते दारातून दिसत होतं. आमच्या नावापुढे काही नव्हतं. ठराव मंजूर झाला. आमच्यामुळे नाही, आमच्याशिवाय.

तुझ्या पेट्या येतील, ताई. त्या कशाबद्दल आल्या हे तुला माहीत असावं म्हणून हे सगळं लिहिलं.

खात्याने मला जूनअखेर परत बोलावलंय. कारण दिलेलं नाही. प्रशासनाच्या माणसाने तिकिटाचा कागद भरताना "एकटेच जाणार ना?" असं विचारलं आणि लगेच मान खाली घातली. या ऑफिसात आजवर कोणी मला तसं विचारलेलं नाही.

धाकटा


२० मे

धाकट्या,

डॉक्टर बाहेरदेशी कसल्याशा बैठकीला जातायत. हे पत्र ते तिथून टाकतील. काय आहे त्यांनी विचारलं नाही, कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

पेट्या अकरा तारखेला आल्या. शिंपी सहा तारखेला गेला.

त्याचे भाऊ आले, ज्यांनी त्याला वीस वर्षांत विचारलं नव्हतं. त्यांनी सगळं ताब्यात घेतलं, शिलाईचं मशीनसुद्धा. बेकरीवाला गर्दीत मागे उभा होता, शेजारी उभे राहतात तिथे. रडतासुद्धा आलं नाही त्याला, शेजारी किती रडणार? मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. काय बोलायचं असतं तेच मला येत नव्हतं. बाईचा नवरा गेला की आपण तिला जवळ घेतो. मला एवढंही करता आलं नाही, लोक बघत होते. तो आता गाव सोडून गेला.

चारशे बारापैकी एकसष्टजण अजून येत नाहीत. त्यांच्या गोळ्या मी पिशवीत घालून घरोघर पोचवते. विचारलं तर कपडे शिवायला टाकायचे आहेत म्हणून सांगते.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रागात होते. तुला खोटं सांगणार नाही. तू असा आहेस म्हणून किती आणि मला बावीस वर्षं सांगितलं नाहीस म्हणून किती, त्याची वाटणी मला करता आली नाही. मला अजूनही हे सगळं नीट समजत नाही. भाषणाचा राग वेगळा आहे, तो आहेच, आणि तो तुला सोसावा लागेल. त्या शिंप्याला तू उत्तर देणं लागत होतास, आता तो नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना माझ्या मनात आलं की तू सोळा वर्षांचा असताना मी एकवीस वर्षांची होते, त्याच घरात, पलीकडच्या खोलीत. तू कोणाला सांगणार होतास? मलाच ना?

आता नीट ऐक. तू परत येऊ नकोस. वही प्रकरणात त्या अधिकाऱ्याने मला दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा त्याने वहीचं काही विचारलंच नाही. तुझं विचारलं. तू तिथे कुठे राहतोस, कोणाबरोबर राहतोस. त्यांच्याकडे काहीतरी पोचलंय. मी म्हटलं, भाऊ फोनवर हं आणि बरं एवढंच बोलतो. ते खरंच होतं म्हणून चेहरा सांभाळता आला.

तिथेच राहायला जे करावं लागतं ते कर. पुढेमागे मला विचारायला आले तर मी सांगणार, त्याचा आमचा संबंध नाही, आमच्यात असला माणूस नाही. पेपरात छापून आलं तरी तू ते मनाला लावून घेऊ नकोस. तोंडाने म्हणावं लागेल, एवढंच.

ताई


९ सप्टेंबर

ताई,

हे डॉक्टरांच्या पत्त्यावर पाठवतोय. वाचून झालं की ठेवू नकोस.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली आणि विमानतळाच्या ट्रामऐवजी दुसऱ्या ट्रामने गेलो. शहराच्या टोकाला एक पिवळट इमारत आहे, तिथे आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज घेतात. खिडकीतल्या बाईने माझा सरकारी पासपोर्ट उलटून पाहिला. "तुम्ही इथे वकिलातीत काम करता ना? मग रांगेत काय करताय?" मी म्हटलं, "तेच सांगायला आलोय." तिने पासपोर्ट ठेवून घेतला आणि एक चिठ्ठी दिली.

जुलैत मुलाखत झाली. अधिकारी माझ्याहून लहान होता, सभ्य. तुमच्या देशात तुम्हाला धोका आहे याचा पुरावा काय, असं त्याने विचारलं. मी कायद्याची प्रत दिली. ती त्याच्याकडे होतीच. त्याने आणखी एक कागद पुढे केला, साहेबांचं भाषण. "तुमचं सरकार काय म्हणतं ते यात स्पष्ट आहे," तो म्हणाला. मी सांगितलं की हे मी लिहिलंय. त्याने टायपिंग थांबवलं. मग म्हणाला, "हे नोंदवावं लागेल." आणि नोंदवलं.

पुढे त्याने विचारलं की मी तसा आहे हे कशावरून. कोणी तरी सांगणारं हवं. ताई, या शहरात असं एकच माणूस. पाच महिने त्याने माझा फोन घेतला नव्हता. मी चिठ्ठी लिहून त्याच्या दाराखालून सरकवली. फक्त तारीख, वेळ आणि इमारतीचा पत्ता. "ये" असंही लिहिलं नाही.

तो आला. तोच करडा कोट, केस कापलेले. माझ्याकडे बघून मान हलवली आणि माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसला. अधिकारी विचारत गेला, तो सांगत गेला. कधी भेटलो, कुठे राहिलो, मी कुठल्या बाजूला झोपतो, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करतो. बटाट्याच्या भाजीचंही सांगितलं. सगळं बरोबर, एकही गोष्ट वाढवून नाही, एकही गाळून नाही. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या वतीने "मी" म्हणत आलाय. त्या खोलीत मी त्याला पहिल्यांदा स्वतःच्या वतीने बोलताना ऐकलं, आणि तेही एका परक्या माणसापुढे, माझ्या कागदांसाठी.

शेवटी अधिकाऱ्याने विचारलं, "हे नातं अजून चालू आहे का?"

त्याने कोटाची गुंडी लावली. मग म्हणाला, "नाही. आता नाही."

अधिकाऱ्याने तेही टाइप केलं.

बाहेर जिन्यात मी त्याला म्हटलं, "मी काय बोलू?" तो म्हणाला, "काही नको. तू राहा इथे. तेवढ्यासाठी आलो." त्याला कामावर जायचं होतं. तो डावीकडे गेला. मी थोडा वेळ तिथेच थांबलो, कारण मलाही डावीकडेच जायचं होतं.

गेल्या आठवड्यात कागद आला. मला राहायची परवानगी मिळाली. परत जाता येणार नाही, असं त्यात वेगळं लिहिलंय, म्हणजे तुझ्या दारात मला या जन्मी उभं राहता येईलसं दिसत नाही. एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालंय. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, शांत काम आहे.

तुला विचारायला आले तर ठरल्याप्रमाणे सांग. आमच्यात असला माणूस नाही म्हणून सांग. अडखळू नकोस.

तुझा धाकटा